हात अडतो, रिपोर्ट नॉर्मल

अर्जदार: रघुनाथ सखाराम, वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा अर्जनवीस, राहणार कार्ले, तालुका मावळ, जिल्हा पुणे. शिक्षण नववी पास. अनुभव शिक्षणाच्या कितीतरी पट.

सामनेवाले: कोणी एक व्यक्ती नाही. "तुम्हाला काही झालेले नाही" असे जे जे म्हणाले, ते सर्व.

घटनेचे ठिकाण: वडगाव येथे कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली असलेले माझे टेबल.

घटनेचा काळ: श्रावणातील गुरुवार, भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकल्यानंतरचा. तारीख माहीत असूनही देत नाही. तारखेवरून दवाखान्याचा शोध लागतो आणि मला कोणाची बेअब्रू करावयाची नाही.

साक्षीदार: (१) बायजाबाई, राहणार भाजे, वय साठीच्या पुढे, निशाणी अंगठा. (२) सौ. शोभा, अर्जदाराची पत्नी, माहेर सुदुंबरे. (३) संतोष, शेजारच्या टेबलावरील टायपिंगवाला, साक्ष प्रतिकूल.

विषय: आजार खरा असताना तो कागदावर न उमटल्याबाबत.

ज्यांचे सर्व रिपोर्ट चांगले आले आणि तरीही जे बरे नाहीत, अशा माझ्या बंधुभगिनींसाठी पुढील हकिकत लिहीत आहे. आजवर मी दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिली. हे माझे स्वतःचे आहे, म्हणून लांबले तर क्षमा असावी.

घडले ते असे

प्रथम माझा धंदा समजून घ्यावा. मनुष्य माझ्या टेबलासमोर येतो तेव्हा तो रागावलेला असतो, नाहीतर रडकुंडीला आलेला. तो म्हणतो, "त्या भामट्यानं माझी वाट अडवली." मी लिहितो, "सदर इसमाने वहिवाटीच्या रस्त्यास अडथळा निर्माण केला आहे." रागाला विनयाचे कपडे घालून साहेबापुढे उभे करणे, हे माझे काम. संगणक आल्यापासून बरेच लोक संतोषकडे जातात, हे मी नाकारीत नाही. तथापि माझे हस्ताक्षर कचेरीत दुरून ओळखतात. कोणी मला विचारले की तुझ्याजवळ काय आहे, तर मी म्हणत असे, अक्षर आहे आणि शब्द आहे. मी लिहिले म्हणजे ते खरे, असा माझा लौकिक होता.

त्या गुरुवारी भाज्याच्या बायजामावशी आल्या. त्यांचे गाऱ्हाणे असे होते.

"शनवार-रविवार आला की लेणी बगाया येत्यात, आन गाड्या लावत्यात आमच्या बांदाच्या वाटंला. बैलं कुटून न्यायची, सांगा भाऊ. पाटी लावली, 'हितं गाडी लावू नये'. तर त्या पाटीला टेकूनच फोटू काढत्यात!"

मी हसलो, कागद घेतला, साहेबांचा हुद्दा लिहिला. खाली "अर्जदार सविनय" इतके लिहिले आणि हात अडला.

अडला म्हणजे थकला नव्हे. बोटांनी पेन असे आवळले की नखे पांढरी झाली. मनगट कापू लागले. मी पुढचे अक्षर काढू पाहतो, तर पेन कागदात रुतते. मग छाती धडधडली, कानशिलावर घाम आला आणि मला वाटले, संपले, हा लकवा.

"भाऊ, शाई सपली का?" मावशींनी विचारले.

मी डाव्या हाताने उजवे मनगट धरले.

"अवो, त्वांड पांढरं पडलंय तुमचं! ओ टायपिंगवालं, पानी आना!"

संतोष पाणी घेऊन आला, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद करतो. मात्र पाणी देता देता तो म्हणाला, "काय रघुभाऊ, हँग झालात का? रिस्टार्ट करा." भोवतालचे लोक हसले. ते हसणे माझ्या कानात पुढे किती काळ राहिले, ते खाली येईलच.

दवाखान्यात

मला तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात नेले. रक्त घेतले, छातीला तारा लावल्या, पायाच्या तळव्यावर रेघ ओढली. मेंदूचा फोटो काढण्यासाठी एका यंत्राच्या पोटात सरकवले. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी थांबावी, दिवे जावेत आणि बाहेर कोणीतरी घणाचे घाव घालीत असावे, तसे ते होते. त्या अंधारात मी देवाचे नाव घेतले नाही. मी मनातल्या मनात अर्जाचा मसुदा करीत होतो. "महोदय, अर्जदाराच्या उजव्या हातावर संपूर्ण कुटुंब अवलंबून असून..." ही माझी सवय आहे. तिच्याविषयी पुढे सांगेन.

वॉर्डात सकाळ लवकर होते. फरशी पुसण्याचा वास, मग चहा, मग नर्सबाईंचे "काका, हात पुढे करा." माझ्या शेजारच्या खाटेवर पवनेच्या खोऱ्यातील एक गृहस्थ होते. त्यांना खराखुरा लकवा झाला होता. त्यांचा उजवा हात चादरीवर कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडलेला असे. त्यांची मुलगी त्या हातात रबरी चेंडू देई आणि बोटे आपल्या हाताने मिटवी. मी समोर बसून त्याच जातीच्या उजव्या हाताने चहाचा कप सहज उचलीत असे. एकदा त्या मुलीने आदराने विचारले, "काका, तुम्हाला काय झालंय?"

आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ शब्द नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून पडलो.

एक उपकार नोंदवतो. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी न मागता माझ्यासाठी दुसरा चहा आणीत. त्यांनी आजाराचे नाव कधीच विचारले नाही. "झोप न्हाई न्हवं लागली? डोळ्यांवरून कळतंय. घ्या, गरम हाय." एवढेच. माझे डोळे हा त्यांच्या दृष्टीने पुरेसा पुरावा होता.

निदानाचा दिवस

मेंदूचे डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. ते हसत आले.

"अभिनंदन काका. सगळं नॉर्मल आहे."

"मग हात का अडतो?"

"ताण. मेंदूला वाटतं, धोका आहे. स्नायू आवळले जातात, धडधड होते. एकटे असताना लिहिता येतं ना?"

येथे मी खरे सांगितले. दवाखान्यात माझ्या खाटेवर पडदा ओढून मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून पाहिले होते. अक्षर नेहमीसारखे आले होते.

"येतं," मी म्हणालो.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

वाचकहो, त्या एका "बघा"ने मी खोटा ठरलो. मी म्हणालो, "साहेब, मग तसे लिहून द्या. अर्जदारास अमुक आजार असून तो खरा आहे, इतकेच."

"रिपोर्टमध्ये जे दिसतं तेच आम्ही लिहितो, काका. आणि काही दिसलं नाही, ही आनंदाची गोष्ट आहे." त्यांनी झोपेची सौम्य गोळी लिहून दिली आणि लोणावळ्यातील एका बाईंचा पत्ता दिला. "त्या सजगतेचा वर्ग घेतात. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात. जाऊन बघा, फायदा होतो."

हात अडला तर नाकाकडे लक्ष द्यावे, हा उपचार मला त्या वेळी चेष्टा वाटला.

सौ. शोभा डॉक्टरांसमोर हात जोडून उभी होती. रिक्षात बसल्यावर ती आनंदाने रडली. कार्ला फाटा येईपर्यंत तिचे डोळे कोरडे झाले आणि घराच्या पायरीवर ती मला म्हणाली, "म्हंजे काईच झालं नव्हतं? आन माझा जीव टांगणीला लावला होता!"

घरचा खटला

घरात आजारी माणसाला जागा असते. नॉर्मल माणसाला नसते. मी ओसरीवर बसलो की शोभाचे भांडी आपटणे वाढे. वडगावला जायची वेळ झाली की मी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढून ठेवी. "आज राहू दे," मी म्हणे.

"राहू दे म्हंजे? काय झालंय काय तुमाला?"

"तुला सांगून कळणार नाही."

"मला न्हाई कळत, डाक्टरला न्हाई कळत, मशिनीला न्हाई कळत. मंग कळतंय कुणाला?"

शेवटी तिने माझी परीक्षा घेतली. कागद आणि पेन आणून समोर ठेवले, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "लिवा. माझ्यासमोर लिवा. बगू दे कसा अडतोय."

मी देवाची प्रार्थना केली की हात अडू दे. असे मागणे कोणी मागितले नसेल. हाताने माझे ऐकले नाही. शोभा हिच्याशी मी आजवर हजार भांडणे केली आहेत, तिची भीती हाताला वाटत नसावी. अक्षरे ओळीने, गोल, सरळ उमटली.

तिने कागद उचलून पाहिला. "मोत्यावाणी! मंग कचेरीतच कसं अडतंय? सरळ सांगा की कामाचा कटाळा आलाय."

माझ्याच हाताने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि आमच्यात अबोला सुरू झाला. ज्यांच्या घरी हा प्रसंग घडला असेल, त्यांना अधिक सांगणे नको.

लोणावळ्यातील वर्ग

अखेर गेलो. वर्ग एका बंगल्याच्या दिवाणखान्यात भरे. पिवळ्या चटया, बाहेर माकडे, रस्त्यावर चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग. पुण्याहून आलेले नोकरदार लोक मांडी घालता येत नसतानाही मांडी घालून बसलेले. शिकवणाऱ्या बाईंना सर्वजण वैशालीताई म्हणत. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज ठाम.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवली.

"ही मनुका आयुष्यात पहिल्यांदाच बघताय, असं बघा."

"मी मनुका पाहिलेल्या आहेत," मी उभा राहून सांगितले. खोटे निवेदन करण्याची मला सवय नाही.

लोक हसले. ताई म्हणाल्या, "अशा बघितल्यात का, की बघताना दुसरं काहीच चाललं नव्हतं?" याला माझ्याजवळ उत्तर होते, पण ते लांब असल्याने मी दिले नाही.

मग त्यांनी मेंदूविषयी सांगितले, ते मला समजले तसे देतो. मेंदूत आत एक जागा अशी आहे की ती धोका दिसताच आरोळी ठोकते. कपाळामागील भाग शांतपणे विचार करून ठरवतो. आरोळी सतत चालू राहिली, तर कपाळामागच्याचे कोणी ऐकत नाही. मग झोप उडते, आठवण चुकते, हातचे काम बिघडते. भटकलेले लक्ष पुन्हा पुन्हा एका जागी आणण्याचा सराव केला, तर ही आरोळी खाली यायला मदत होते, असे संशोधक म्हणतात. मी मोठ्याने म्हणालो, हा तर भाताच्या शेतात माळ्यावर बसवलेला राखणदार. डुकरे येण्याच्या धास्तीने तो पान हलले तरी ओरडतो आणि घरधन्याला झोप नाही.

"हे सिद्ध झालेले आहे काय? कोणाच्या सहीने?" मी विचारले.

"बऱ्याच लोकांना फायदा झालेला दिसतो. सगळ्यांना होतोच असं नाही," ताई म्हणाल्या. "आणि काहींना डोळे मिटून बसल्यावर जास्तच घाबरं होतं. तसं झालं तर डोळे उघडायचे आणि मला सांगायचं."

या उत्तराने मी थोडा नरमलो. खोटे बोलणारा मनुष्य "काहींना होत नाही" असे सांगत नाही.

पण बसणे जमेना. डोळे मिटले की माझ्या डोक्यात कचेरी उघडते. वर सवयीचा उल्लेख केला ती ही. श्वास आत आला, बाहेर गेला, इतक्यात संतोषचे हसणे आठवले. लगेच मसुदा सुरू. "सदर इसमाने अर्जदाराच्या आजारपणाचा गैरफायदा घेऊन, दहा लोकांसमक्ष..." मुद्दा एक, मुद्दा दोन, सोबत जोडलेली कागदपत्रे. घंटा वाजेपर्यंत मी संतोषवर तीन अर्ज दाखल करून निकालही मिळवलेला असे. श्वासाचा पत्ता नसे.

"विचार आला की नोंद घ्या आणि सोडून द्या," ताई म्हणत.

"नोंद घेतली की कार्यवाही आलीच," मी म्हणे.

"कुठे लिहिलंय तसं?"

मला राग येई. पैसे देऊन अपमान करून घेतो आहोत, असे वाटे. परतताना एसटीत मी शपथ घेई की पुन्हा येणार नाही. पण दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून पुन्हा जाई.

आवक

एका कामासाठी वडगावच्या कचेरीत कागद द्यायला गेलो होतो. लिहायला नव्हे, नुसता द्यायला. आवक खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढचा मनुष्य खिडकीतील बाईंवर ओरडत होता, "माझ्यावर अन्याय झालाय, तुम्ही वाचा तरी!" बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला, क्रमांक टाकला, ट्रेमध्ये ठेवला. "घेतला. पुढचा."

मी ही क्रिया इतकी वर्षे पाहत आलो आहे. त्या दिवशी रांगेत उभा राहून ती समजली. ती खिडकी निकाल देत नाही. ती कागद खरा की खोटा, हेही ठरवीत नाही. आला त्याला आला म्हणते. न्याय करणारा साहेब आत वेगळा बसतो. माझ्या डोक्यात मात्र खिडकीवर बसून मीच निकाल लिहीत होतो, मीच अपील करीत होतो.

पुढच्या वर्गात मी डोळे मिटले. संतोषचे हसणे आले. मी मांडीवर मूठ आपटली आणि म्हणालो, "आवक!" शोभाचे भांडी आपटणे आले. "आवक!"

शेजारचे पुण्याचे गृहस्थ दचकले. "काका, प्लीज."

ताई उठून आल्या. मी खिडकीची आणि संतोषच्या हसण्याची हकिकत सांगितली. त्या प्रथमच मोकळेपणी हसल्या. "उत्तम आहे. पण शिक्का मनातल्या मनात मारा. आणि प्रत्येक कागदावर सारख्याच जोराने. संतोषच्या कागदावर जरा जास्त जोरात बसतोय."

तेव्हापासून बसणे सोपे झाले असे नव्हे, पण शक्य झाले. झोप सुधारली. सकाळची धास्ती दुपारपर्यंत मुक्काम करीत नसे.

माझे प्रदर्शन आणि त्याचा निकाल

येथे माझ्याकडून एक अतिरेक झाला. थोडे बरे वाटताच मी ठरवले की सर्वांना दाखवायचे. वडगावला गेलो, टेबल पुसले आणि संतोषला व चहावाल्याला हाक मारली. "या. पाहा आता. मेंदूचे शास्त्र शिकून आलो आहे."

"लिहा, लिहा. आम्ही बघतोच आहोत," संतोष खुर्ची ओढून बसला.

पहिल्या ओळीतच हात अडला. पूर्वीपेक्षा वाईट. पेन उडून चहावाल्याच्या पायापाशी पडले.

संतोष या वेळी हसला नाही. तो म्हणाला, "रघुभाऊ, जाऊ द्या. मी टाईप करून देतो, तुम्ही नुसतं सांगा." ती दया मला हसण्याहून जड गेली. मी टेबलाला कुलूप लावले आणि वैशालीताईंना फोन केला.

"तुमची विद्या खोटी आहे."

"काय झालं ते सांगा."

मी सांगितले.

"लिहिताना तुम्ही कुठे होतात?"

"टेबलावर. आणखी कुठे असणार?"

"नाही, काका. तुम्ही संतोषच्या डोळ्यांत बसून स्वतःचा हात बघत होतात. हात अडतोय का, याची वाट बघत. मग राखणदार ओरडणारच."

मी फोन ठेवला. उत्तर राखून ठेवले. ते अद्याप सुचलेले नाही.

बायजामावशींचा अर्ज

भाताची काढणी, झोडणी झाली. एके सकाळी बायजामावशी पुन्हा टेबलासमोर उभ्या. मी नुसता बसलो होतो, कारण घरी बसणे त्याहून कठीण होते.

"भाऊ, ऱ्हायल्याला अर्ज पुरा करा."

"मावशी, संतोषकडे जा. माझा हात अडतो."

"ठाव हाय. माझ्यासमूरच अडला न्हवं का. काय झालंतं वो तुमाला?"

"डॉक्टर म्हणतात, काही नाही."

"काई न्हाई कसं? म्या बगितलंय की. माझी गाय बी नुसतं गाड्यांचं हारन ऐकून दूद चोरती. डाक्टरनं तपासली, म्हनला गाय झ्याक हाय. झ्याक हाय तर दूद कुटं गेलं?"

इतक्या रिपोर्टांत जे मिळाले नाही, ते मला गायीच्या उदाहरणात मिळाले. मी कागद काढला.

"मावशी, वेळ लागेल. मध्येच थांबेल."

"थांबू द्या. भात घरात पडलंय, मला कुटं जायाचंय? आन म्या बगत बी न्हाई." त्यांनी स्टूल फिरवले, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि मिश्रीची डबी उघडली.

मी "सविनय"पर्यंत आलो. बोटे आवळली. आवक. पुढे "निवेदन" लिहायचे होते, "नि" काढला आणि थांबलो. संतोष बघतो आहे. आवक. पुन्हा छाती धडधडली. आवक. लकवा असेल तर? आवक. पेन उचलले, टेकवले, एक अक्षर. मध्येच थांबून मी बसून राही. पाठीमागून कोणी गेले, मावशी कोणाशी तरी भात कसे झाले ते बोलल्या. हात कापतच होता. तो कापत असताना लिहिता येते, हे मला आजपर्यंत कोणी सांगितले नव्हते आणि मी करून पाहिले नव्हते.

अर्ज झाला. अक्षर पाहून मला लाज वाटली. ओळी उताराला लागलेल्या, काना वेगळा, मात्रा वेगळी. अंगठा घेण्यापूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवण्याची आमच्या धंद्यातील रीत आहे. मी वाचला. बांधावरील वहिवाट, गाड्यांचा अडथळा, पाटीची दुर्दशा, सर्व आले होते.

"बरूबर हाय. पाटीचं बी घातलं, लय ब्येस," त्या म्हणाल्या.

"अक्षर फार वाईट आले, मावशी. घरून पुन्हा लिहून आणतो."

"आता कशापायी? सायबाला वाचता येतंय न्हवं? आना ती शाई."

त्यांनी अंगठा उठवला. मी मान वर केली, तर झाडापलीकडे शोभा उभी होती. रेशनकार्डावरील नावाच्या दुरुस्तीसाठी ती वडगावला आली होती आणि बराच वेळ तेथेच उभी असावी. तिने माझा हात पाहिला होता. ती पुढे आली, तिने माझे मनगट धरले. ते अजून कापत होते. तिने ते धरूनच ठेवले.

संतोष काही बोलणार इतक्यात ती त्याच्यावर कडाडली, "बगताय काय? आजारी मानूस हाय. आजारपनात काम करतोय. तुमाला जमंल का?"

संतोष आपल्या टायपिंगकडे वळला. वाचकहो, कोणी आपल्याला आजारी म्हणावे आणि त्याने इतके बरे वाटावे, हे मला अजूनही चमत्कारिक वाटते.

सद्यस्थिती

हात पूर्ण बरा झालेला नाही. काही दिवस सुरळीत चालतो, काही दिवस अडतो. अडला की मी समोरच्याला सांगतो, "थांबतो आहे, बसा." बहुतेक लोक बसतात. लोणावळ्याला जातो. तेथेही मी उत्तम विद्यार्थी नाही. अर्ध्या वेळा मसुदेच करतो, मग ध्यानात येते, मग शिक्का मारतो. ताई म्हणतात, ध्यानात येणे हेच काम. मला हे पूर्ण पटलेले नाही, तरी करतो.

समदुःखी बांधवांना एक कळकळीची सूचना. हात अचानक अडला, तोंड वाकडे झाले, छातीत दुखले, तर श्वासाकडे पाहत बसू नका. आधी दवाखाना गाठा, सर्व तपासण्या करा. माझ्या तपासण्या झाल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या शांततेबद्दल आहे.

मागील आठवड्यात मी डॉक्टरांना पुन्हा भेटलो. बरा फरक आहे, असे ते म्हणाले. मी माझी जुनी मागणी पुढे केली.

"काका, आमच्या फॉर्ममध्ये असा रकानाच नाही हो," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले. त्यांनाही थोडे वाईट वाटले असावे.

विनंती

सबब अर्जदाराची सर्व संबंधितांकडे पुढील मागणी आहे. ज्या रुग्णाच्या तपासण्या नॉर्मल येतील, त्याच्या कागदावर "नॉर्मल" या शब्दाखाली डॉक्टरांनी आणखी एक ओळ लिहावी, की रुग्णास होणारा त्रास खरा असून आमच्या यंत्रांत तो दिसत नाही. हा कागद रुग्ण फायलीत ठेवणार नाही. तो घरी नेऊन दाखवील. कोणत्या घरी, कोणाला आणि कशासाठी, हे ज्याचे त्याला माहीत असते. माझ्या घरी ही ओळ वेळेवर आली असती, तर माझी पत्नी आणि मी यांच्यात जो पावसाळा अबोल्यात गेला, तो गेला नसता. तो भरून मिळण्याची तरतूद कोठेच नाही, हे मी जाणतो. म्हणून तो मागत नाही. पुढच्या माणसाचा जाऊ नये, इतकेच मागतो.

रकाना नसेल तर समासात लिहावे. समास प्रत्येक कागदाला असतो.

यावर होकार अगर नकार, जे असेल ते लेखी कळवावे. उत्तर टाईप केलेले नको, हाताने लिहिलेले असावे. अक्षर कसेही असले तरी अर्जदारास मान्य आहे.

आपला,
रघुनाथ सखाराम, अर्जनवीस
(स्वहस्ते लिहिले. मध्ये चार ठिकाणी थांबलो.)